वेल्क्रोवरची नावं

दैवशालाने टेबलावरच्या निळ्या शर्टाच्या खिशावरचा नावाचा पॅच एका झटक्यात उपटला. चर्रकन आवाज आला. तिने तो पुन्हा खिशावर दाबून बसवला, पुन्हा उपटला आणि समोर बसलेल्या सोमेश्वरच्या पुढ्यात फेकला.

"हेच पायजे का परत?"

"हेच," सोमेश्वर म्हणाला. "गेल्या साली दिल्ते तसेच. एकशेवीस शर्टं हायेत, रिक्षात ठिवलेत. दिवाळीच्या आत द्या म्हंजे झालं."

सोमेश्वर मंठ्याबाहेरच्या जिनिंगला मजूर पुरवायचा. कापसाचा हंगाम आला की गावोगावची माणसं गोळा करायची, त्यांच्या अंगात निळा शर्ट चढवायचा आणि मशिनीला जुंपायचं, हा त्याचा धंदा. माणूस बोलायला गोड. इतका गोड, की ऐकणाऱ्याच्या कानाला मुंग्या लागाव्यात. आज मात्र दैवशालाला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

दाराशी पोत्यावर बेबीनंदा बसली होती. शाळेच्या पॅचांच्या धाग्यांची लोंबणारी टोकं छोट्या कात्रीने कापत होती. सोमेश्वर आत आला तो तिला जवळजवळ ओलांडूनच. त्याने खाली पाहिलं नाही, तिने वर पाहिलं नाही. ओळखलंसुद्धा नाही मेल्याने, असं दैवशालाच्या मनात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिच्या नवऱ्याचा उजवा हात ह्याच्या कामावर गेला, ती बाई ह्याला दिसूसुद्धा नये?

बस स्टँडमागच्या या गल्लीत दैवशाला दहा वर्षं पॅच बनवत होती, आणि कोणत्या कापडाला कोणता पॅच हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. कबड्डीच्या पोरांना इस्त्रीने चिकटवलेला द्यायचा नाही, दुसऱ्या पकडीला तो समोरच्याच्या मुठीत येतो. रबरी पॅच बॅगेला शोभतो. शर्टावर लावला की घामात त्याची कड छातीला घासते. आणि जिनिंगला वेल्क्रो तर कधीच नाही. उडती रुई त्या बारीक काट्यांत जाऊन बसते, पंधरा दिवसांत त्याची पकड जाते. तिथे नाव शिवलेलंच हवं, चारही बाजूंनी. हे सगळं तिने गेल्या वर्षी सोमेश्वरला सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, "ताई, तुमचं बराबर हाय, पण वेल्क्रोच करा." तिने केलं. गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा.

मग माघात एका दुपारी बेबीनंदाच्या नवऱ्याचा, कचरू खरातचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. दवाखान्यात नेला तेव्हा त्याच्या खिशावर नाव नव्हतं. हा आमचा माणूसच नव्हे, सोमेश्वरने सांगून टाकलं, कुणाला तरी भेटायला आला असेल. बेबीनंदा तो शर्ट पिशवीत घालून दैवशालाकडे घेऊन आली होती. रक्त सुकून शर्ट खरखरीत झाला होता. खिशावरचा वेल्क्रोचा चौकोन तेवढा स्वच्छ होता. म्हणजे रक्त सांडलं तेव्हा नाव जागेवर होतं, ते नंतर कुणीतरी काढलं होतं. चौकोनाची शिवण दैवशालाची होती. गेल्या वर्षीची नावांची यादी तिच्याच फोनमध्ये होती, आणि त्यात एकसष्टाव्या नंबरवर कचरू खरात होता.

जालन्याला कामगार ऑफिसात भरपाईची केस लागली. एवढंच येऊन सांगा, बेबीनंदा म्हणाली होती. कचरू तिथं कामाला होता, एवढंच.

"बघू," दैवशाला म्हणाली होती. सोमेश्वरच्या ओळखीने तिला तीन शाळांचं काम मिळत होतं, हे तिने तेव्हा बोलून दाखवलं नाही. धागे कापायला मात्र तिने बेबीनंदाला दुकानात ठेवून घेतलं. लोक म्हणाले, दैवशालाचं मन मोठं. दैवशालालाही तसंच वाटत आलं होतं.

"वेल्क्रो काहून पायजे तुमाला?" तिने आता विचारलं. "जिनिंगमधी टिकत न्हाई. गेल्या साली सांगितलं, यंदा बी सांगून राह्यले."

"धुवायला काढता येतं, ताई."

"कोण काढतं धुवायला? एक जण दाखवा मला."

सोमेश्वरने पॅच उचलला, त्यावरून अंगठा फिरवला. "खरं सांगू का? आमच्याकडं माणूस टिकत न्हाई. आज हाय, उद्या न्हाई. शर्ट तोच दुसऱ्याला देता येतो, नाव तेवढं बदलायचं. शिवलेलं नाव म्हंजे उसवत बसा. डबल खर्चा."

"आन हात गेला की बी जल्दी निघतं," दैवशाला म्हणाली. "दवाखान्यात जायच्या आधी."

दाराशी चाललेली कात्री थांबली.

सोमेश्वर पॅचवरून अंगठा फिरवतच राहिला, आणि त्या फिरणाऱ्या अंगठ्यानेच दैवशालाचा बांध फुटला. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं तिच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. माणसं आहेत की पोती? पोत्यावरचा छापसुद्धा असा निघत नाही. भाकरीला लावलेल्या माणसाला ओळखत नाही म्हणताना जीभ कशी झडली नाही? तिचा आवाज चढत गेला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं, पण तिला त्याची पर्वा नव्हती.

"घेऊन जा तुमची शर्टं! म्या जालन्याला येऊन सांगणार हाय. यादी हाय माझ्याकडं. कचरू खरातचं नाव म्या भरलंय, माझ्या मशिनीवर. बघते तुमी कसं न्हाई म्हणता ते."

सोमेश्वर उठला. रागावलेला दिसत नव्हता. त्याने वरच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"यंदाची यादी हाय. आधी वाचून घ्या," तो म्हणाला. "मंग काय राग राग करायचा तो करा."

रिक्षावाल्याला गठ्ठे उतरवायला सांगून तो निघून गेला. जातानाही त्याने खाली पाहिलं नाही.

खूप दिवसांनी दैवशालाला स्वतःविषयी बरं वाटत होतं. तांब्यातलं पाणी ती गटागटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि दाराकडे वळली.

"ऐकलं का, बेबी? चांगला धुतला त्याला. पुढच्या तारखेला दोघी बी जाऊ."

बेबीनंदा पॅचकडे बघत राहिली. दैवशालाने कागद उलगडला, तो फाडायच्या आधी एकदा बघावं म्हणून. नावं बोटाने खाली खाली वाचत गेली. अडतिसाव्या नंबरवर बोट थांबलं.

बेबीनंदा खरात.

"हे काय हाय?"

"नाव हाय माझं."

"आन केस?"

"परवा मागं घेतली." बेबीनंदा अगदी सरळ बोलत होती. "कापूस निवडायला घेतो म्हणला, पूरा सीझन. लिहून दिल्यावरच घेतो म्हणला. मंग दिलं लिहून."

"त्याच्याकडं? त्याच्याच हाताखाली?" दैवशालाचा राग आता वळून बेबीनंदावर आला. "अगं, मला इचारायचं तरी एकदा! म्या येणार होते की सांगायला!"

बेबीनंदाने कात्री खाली ठेवली.

"कधी, वैनी?"

दैवशालाने हातातल्या कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"माघात शर्ट घेऊन आल्ते तुमच्याकडं. तुमी म्हणल्या बघू. पाडव्याला म्हणल्या, शाळेच्या कामाची घाई हाय. आखाडात म्हणल्या, घरी मालकाला इचारते. चार तारखा झाल्या. दर तारखेला साहेब इचारायचे, साक्षीला कोण हाय? म्या दाराकडं बघत बसायचे." तिचा आवाज चढला नाही, पण मानेची शीर ताठ झाली होती. "हे घरी बसून राह्यलेत. एका हातानं नाडी बांधता येत न्हाई माणसाला. पोरीला हाक मारायची लाज वाटती म्हणून तसेच बसतेत. तुमाला आज राग आला. मला नऊ म्हैने येऊन राह्यलाय. बैल गेल्यावर झोपा करून काय फायदा?"

दैवशाला खुर्चीत बसली. सोमेश्वरला दिलेल्या शिव्या अजून जिभेवर ताज्या होत्या, आणि त्यांतली एकही आता तिला दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हती. झेरॉक्सवाला अजून बघत होता. तिने उठून दार लोटलं.

बेबीनंदाने एक गठ्ठा सोडला. दोन शर्ट खांद्याला लावून पाहिले, तिसरा घेतला आणि टेबलावर पसरला.

"हे माझं. ह्याला वेल्क्रो नको. थेट कापडावरच भरा."

"तो उसवायला लावील."

"लावू द्या. उसवलं तरी सुईची भोकं राहतेत कापडाला."

दैवशालाने शर्टाचा खिसा फ्रेमवर ताणून बसवला. पांढरा धागा ओवला. भरतकामाच्या मशीनच्या पडद्यावर यादीतलं नाव टाईप केलं आणि बटणाकडे बोट नेलं.

"थांबा." बेबीनंदा तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर वाचत होती. "पूरं नाव घाला."

"यादीत एवढंच हाय."

"यादी त्याची हाय. नाव माझं हाय. मधी कचरू घाला."

दैवशालाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग दोन शब्दांच्या मधे जागा केली आणि तीन अक्षरं भरली. पडद्यावर ओळ खिशाच्या चौकटीबाहेर सरकली.

"खिशावर मावत न्हाई," ती हळू म्हणाली. "अक्षर बारीक करू का?"

"बारीक नका करू," बेबीनंदा म्हणाली. "जाऊ द्या बाहेर."