आगटीवरचा मासा

मित्रांनो, पाण्यात कधीही न उतरलेला मी एक जुना लाकडी मासा आहे. नोतो द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरील एका लहान गावात, तोमिए नावाच्या बाईच्या घरात माझे आयुष्य गेले. नीट बसून ऐका. मला दोनदा सांगण्याची सवय नाही.

तोमिएच्या आजेसासऱ्यांनी मला एका अखंड लाकडातून कोरले. खवल्यांना त्यांचा सबंध हिवाळा गेला. डोळा मात्र त्यांनी एकच मनापासून कोरला, कारण माझी दुसरी बाजू भिंतीकडे राहणार होती. घराच्या मधोमध जमिनीत आगटी होती. तिच्यावर, मोठ्या तुळईपासून, लोखंडी किटलीचा आकडा लोंबत असे, आणि तो आकडा मी आवरून धरीत असे. मला तिरके केले की किटली वरखाली सरके. आडवे केले की जिथल्या तिथे थांबे. माझे तोंड नेहमी घराच्या आतल्या बाजूला. दाराकडे तोंड केलेला मासा घराची बरकत बाहेर नेतो, असे आमच्याकडे मानतात. मुलांना मला हात लावण्याची परवानगी नव्हती, आणि तेच योग्य होते.

धुराने मी काळाभोर झालो, चमकू लागलो. पाहुणे मान वर करून माझी तारीफ करीत. पण माझा खरा मान निराळाच होता. आमची भूमी हलणारी. जरा हादरा जाणवला की सारे घर माझ्याकडे पाही. मी डोललो, तर जमीन हलली. मी स्थिर असलो, तर तो मनाचा भास. माझ्या शब्दाबाहेर कोणी नव्हते.

भूकंपामागे जे उरते, त्यासाठी गावात वेगवेगळे शब्द होते. पुन्हा फिरून येतो तो परतहादरा. जमीन शांत झाली तरी अंगच डोलत राहते, ती भूकंपाची झिंग. आणि लाट ओसरल्यावर खडकांच्या खळग्यांत जे पाणी मागे राहते, ती नागोरी.

नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी तो मोठा भूकंप आला. मी खांबावर आपटलो, माझी शेपटी तुटली, आणि तोंड दाराकडे फिरले. समुद्र मागे हटला होता, लोक टेकडीकडे धावत होते. तोमिए मात्र दोन्ही हातांनी माझे तोंड आत फिरवीत उभी होती. सुकी मासळी विकणाऱ्या शेजारच्या इसोनोने आत शिरून तिची गचांडी धरली.

"ताई, माशाचं तोंड नंतर. आधी तुमचं फिरवा."

त्या दोघी गेल्या, आणि दारावर लाल कागद चिकटला. या घरात कोणी शिरू नये, असे त्यावर लिहिले होते. पुढे कितीतरी महिने परतहादरे येत राहिले. प्रत्येक वेळी मी इमानाने डोललो. वर पाहणारे कोणी नव्हते. खरे सांगणाऱ्याला विचारणारेच नसावे, याहून मोठा एकांत मला ठाऊक नाही.

घर पाडण्यापूर्वी तोमिए मुलीला घेऊन आली. मुलगी काझुयो शहरात राहते. ती म्हणाली, "आई, निदान किटली तरी घे."

"किटली कुठेही मिळते," तोमिए म्हणाली, आणि मला कुशीत घेऊन बाहेर पडली.

नवी जागा म्हणजे सरकारने बांधलेली एक तात्पुरती खोली. तिथे तुळई नाही, आगटी नाही. तोमिएने मला पडद्याच्या दांडीला दोरीने टांगले, आणि इथेच माझी अप्रतिष्ठा सुरू झाली. खाली किटलीचे वजन नसल्याने शेजारी दार आपटले की मी हले, हीटरच्या वाऱ्यानेही हले. तोमिएच्या अंगात झिंग भिनलेलीच होती. ती माझ्याकडे पाही, आणि घरातल्या चपलांनिशी बर्फात धाव घेई. एकदा ती पडली, मनगट सुजले. काझुयोने फोनवर बजावले, "आणखी एकदा पडलीस, तर मी तुला इकडे घेऊन येणार. मग गावाचं नाव काढायचं नाही."

त्या दिवशी इसोनो मनगटाला पट्टी बांधायला आली. तिची खोली भिंतीपलीकडचीच.

"ताई, तुमचा मासा प्यायलाय. मी दार लावलं की नाचतो."

"शंभर वर्षं खोटं बोलला नाही तो."

"तेव्हा तुळईला होता. पडद्याच्या दांडीला टांगलं तर मीही खोटंच बोलेन. आता पळायच्या आधी भिंतीवर ठोका. खरंच हललं असेल तर मी दोनदा ठोकीन. नसेल तर एकदाच."

"आणि तू घरी नसलीस तर?"

"कुठे जाणार? दुकान तर समुद्राने नेलं."

दुसऱ्या सकाळी तांदूळ धुताना तोमिएने एकाएकी ओट्याची कड घट्ट धरली. तिने माझ्याकडे पाहिले. मी डोलत होतो. जमीन शांत होती, हीटर चालू होता, आणि हे सांगायला मला वाचा नव्हती. तिची नजर दाराकडे गेली. मग ओल्या हाताने तिने भिंतीवर दोनदा ठोकले.

तिने भिंतीला कान लावला. मग पलीकडून एकच ठोका. आणि पाठोपाठ इसोनोचा आवाज, "नाही हललं, ताई. पण मलाही वाटलं."

तोमिए भिंतीला टेकून बराच वेळ बसली. मग उठली आणि उरलेले तांदूळ धुतले.

ती त्यानंतर पडली नाही, आणि शहरातही गेली नाही. माझ्याकडे मात्र तिने पुन्हा विचारणा केली नाही. एकाच खोलीच्या घराला आतली बाजू कुठली, हा प्रश्न तिला पडला असावा. एके दिवशी तिने माझे तोंड इसोनोच्या भिंतीकडे फिरवले आणि ती कामाला लागली. माझ्या खवल्यांत धूळ साचते. मी आता नागोरी आहे, ओसरलेल्या लाटेमागचे पाणी.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी जुनी वस्तू असेल, तर तिला वरचेवर पुसत जा. पण त्याहून मोठी गोष्ट सांगतो, आणि ती आज्ञा समजा. कोणी तुम्हाला विचारले, "हललं का?", तर हातातले काम खाली ठेवा आणि उत्तर द्या. हलले नसेल, तरीही.