न खेळता घसरलेलं रेटिंग

चष्मेवाल्याने ऑनलाइन बुद्धिबळात घाम गाळून बाराशेचं रेटिंग गाठलं आणि त्याच दिवसापासून खेळणं थांबवलं. हरलो तर आकडा उतरणार. त्यापेक्षा न खेळलेलं बरं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना मात्र तो आकडा सांगायला विसरत नसे.

एका सकाळी मोबाइल उघडला, तर अकराशे ऐंशी! दुसऱ्या दिवशी त्याहून खाली. मनात शंकेची पाल चुकचुकली.

"माझ्या मोबाइलला हात लावलास?" त्याने दुकानात काचा घासणाऱ्या जोडीदाराला विचारलं.

"मला माझ्याच मोबाइलचा पासवर्ड आठवत नाही, बाबा!"

हा उगाच हसला, असं चष्मेवाल्याला वाटलं. रात्री बायको गुणगुणत होती, तेही त्याला खटकलं. अखेर त्याने अ‍ॅपमधले जुने डाव उघडले. सगळे दुपारचे, जवळपास सगळे हरलेले. दुपारी आपण दुकानात, बायको ऑफिसात. म्हणजे घरातला टॅब! त्यावरही आपलंच अकाउंट उघडं होतं.

पोटात दुखतंय म्हणून तो भरदुपारी घरी आला आणि चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत शिरला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई, त्यानेच बनवलेला चष्मा लावून टॅबवर वाकल्या होत्या.

"गेला वजीर!" त्या खदखदून हसल्या.

"आई, तुम्ही?"

"बरं झालं आलात, जावईबापू. बघा, मला कसं कोंडलंय!"

"अहो, पण माझं रेटिंग!" त्याने कोपऱ्यातला आकडा दाखवला.

"हे होय? मला वाटलं, बॅटरी उतरतेय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूबाई डाव मागे मागे नेत होत्या. "इथे प्यादं पुढे घेतलं, तिथेच फसले का हो?" तो खुर्ची ओढून बसला. दोघांनी शोधलं; चूक त्याच्याही आधीची निघाली.

त्याने त्यांना वेगळं अकाउंट काढून दिलं. मग कित्येक दिवसांनी स्वतःचा डाव मांडला आणि हरला. आकडा आणखी घसरला.

"समोरचा नक्की कॉम्प्युटर लावून खेळत होता," तो पुटपुटला.

"असेलही," सासूबाई म्हणाल्या, "पण घोडा तुम्हीच फुकट दिलात. घ्या मागे, बघू या."