बारावा चेहरा

लढाईत गेलेली गावातली बारा पोरं चर्चच्या भिंतीवर रंगवायची ठरली, तेव्हा हेप्झी लस्कमकडे द्यायला फोटोच नव्हता. अकरा घरांत फोटो होते. निघण्याआधी वर्दीत फोटो काढून घ्यायचा, अशी रीतच पडली होती. हेप्झीने मात्र आपल्या रूबेनला अडवलं होतं. शेजारणीच्या मुलाचा फोटो निघाला आणि महिन्याभरात तो गेल्याची तार आली, म्हणून ती म्हणाली होती, "आधी परत ये, मग काढू."

आता घरात त्याचे बूट होते, टोपी होती. तोंड कुठेच नव्हतं.

चित्रकार क्लेमेंट व्होसी शेजारच्या खेड्यातला, फ्रान्समधल्या लढाईच्या चिखलातून परत आलेला. शिडीवर बसून तो टेकडी रंगवत होता. टेकडीवरच्या एल्मच्या झाडांना एकही पान नव्हतं.

"पाद्रीबाबा म्हणतात, पानं काढ," तो म्हणाला. "पण मला आता झाडं अशीच येतात, काकू."

"झाडांचं मरू दे. माझ्या रूबेनचं बोल."

"त्याला पाठमोरा काढतो. टेकडीकडे निघालेला."

"अकरा जण गावाकडे बघणार आणि माझाच पाठ फिरवणार? त्याने काय चोरी केली होती?"

"भिंतीवर एकदा चेहरा आला की तोच डोळ्यांत राहतो, काकू. चुकला तर?"

"आमच्या खानावळीच्या पाटीवर मेंढा काढलास, त्याला अजून लोक गाढव म्हणतात. तेव्हा नाही रे भीती वाटली?"

क्लेमेंट हसला. मग त्याने कोळसा उचलला.

तीन आठवडे ती सांगत राहिली. नाक बापाचं. डावी भुवई जरा वर. हनुवटीपाशी मात्र ती अडायची. मग तो तिच्याच तोंडाकडे बघून ती जागा भरायचा. शेवटी एक दिवस ती थकून म्हणाली, "हो, असाच."

असा तो नव्हता. पण पाठमोरा तिला नको होता.

भिंतीवरचा पडदा उघडला त्या दिवशी बायका आपापल्या पोराखाली उभ्या राहिल्या. हेप्झीनेही फुलं ठेवली.

"हुबेहूब गं!" शेजारीण म्हणाली.

मग दर रविवारी तो चेहरा समोर. हिवाळ्यात एकदा बटाटे सोलताना रूबेन घरी येताना बघायला तिने नेहमीसारखे डोळे मिटले. मागचं दार वाजलं, बूट आपटले, "आई, भूक!" अशी हाक आली. आत आला तो भिंतीवरचा.

हातातली सुरी तशीच ठेवून ती क्लेमेंटकडे गेली.

"त्याला फिरव."

पाद्रीबाबा कुरकुरले, तरी एका सकाळीत क्लेमेंटने चेहऱ्यावर केस चढवले, त्याखाली मान, मग कोटाची कॉलर. रूबेन उघड्याबोडक्या झाडांकडे निघाला.

हेप्झी बघतच राहिली. "ही मान त्याचीच आहे. मी कधी सांगितली नव्हती. तुला कशी जमली?"

क्लेमेंट ब्रश पुसत राहिला. "फ्रान्समध्ये तीन रात्री चालत्या रांगेत मी त्याच्या मागे होतो, काकू. अंधार, चिखल. तोफांच्या उजेडात मान तेवढी दिसायची, तोंड काही दिसलं नाही."

घरी येऊन ती चुलीपाशी बसली आणि डोळे मिटले. दारात तो पाठमोरा उभा होता. मान त्याचीच. तिने हाक मारली.

तो वळला. चेहरा भिंतीवरचाच होता.