तुतीच्या धनुष्याचा जबाब

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाचे एक जुने धनुष्य आहे. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला हातात घेणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी तिरक्या नजरेनेच पाहतो. तुम्ही म्हणाल, लाकडाला एवढा संशय कशाला? माझी हकीकत ऐका आणि मग ठरवा.

एका निवृत्त बसचालकाच्या घरामागे मी झाड म्हणून उभा होतो. माझ्या मुळांनी त्यांची भिंत उचलली, म्हणून मला तोडले. चालककाकांचे एक मित्र होते, दातांचे डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी काका त्यांच्याकडे दुखरी दाढ घेऊन गेले होते. दाढ गेली, मैत्री राहिली. दोघांनाही लाकडी धनुष्ये बनवण्याचा नाद होता, तोही असातसा नाही. डॉक्टरांनी माझ्या ओंडक्यावर हातोडीने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "आतून निरोगी आहे."

त्यांनी ओंडका उभा चिरून चार फाका केल्या. दोन पिळवटलेल्या निघाल्या, त्या चुलीत गेल्या. उरलेल्या दोन म्हणजे मी आणि माझा भाऊ. आमच्या टोकांना उरलासुरला रंग चोपडला, म्हणजे अंगातले पाणी सावकाश जाईल आणि चिरा पडणार नाहीत. मग काकांच्या गॅरेजमध्ये आढ्याला टांगून आम्हाला दोन वर्षे वाळवले. वरून सगळे दिसायचे. खाली कोण काय करतो, हे मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

एका रविवारी सकाळी दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या विमा कंपनीत तपासनीस होत्या. कोणाचे दुकान जळले, कोणाची गाडी ठोकली गेली, की या जाऊन पाहणार आणि खरे काय झाले ते शोधून काढणार. त्यांना धनुष्य बनवायला शिकायचे होते.

"हे लाकूड इथं कधीपासून आहे?" त्यांनी आमच्याकडे बोट दाखवून विचारले. "आणि दोन वर्षं झाली हे कशावरून?"

काका हसले. "ताई, लाकूड आहे ते. आरोपी नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि आमचा फोटो काढला.

त्या गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "विम्याचं माणूस आपणहून घरात येतं म्हणजे काहीतरी आहे. तुझ्या गॅरेजवर डोळा असेल."

"माझ्या गॅरेजमध्ये आहे काय? भुसा!" काका म्हणाले. पण पुढच्या रविवारी गॅरेजच्या दारात वाळूने भरलेल्या दोन कोऱ्या करकरीत बादल्या उभ्या होत्या आणि रॉकेलचा डबा कुठेच दिसत नव्हता.

खरे कारण बाईंनी बऱ्याच दिवसांनी सांगितले. "वीस वर्षं मी फक्त मोडलेल्या वस्तू बघतेय, काका. एक तरी वस्तू होताना बघायची होती." पण हे ऐकायला तेव्हा डॉक्टर तिथे नव्हते. त्यांच्या मनातली अढी तशीच राहिली.

तरी त्यांनी शिकवण्यात हात आखडता घेतला नाही. माझ्या भावाला खाली उतरवून त्यांनी बाईंना समजावले, "झाड दर वर्षी एक थर वाढतं. धनुष्याची पाठ, म्हणजे दोरीपासून लांबची बाजू, एकाच वर्षाच्या थराची हवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. तो कुठं कापला गेला की तिथूनच मोडणार. आज, नाहीतर उद्या."

बाईंनी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी डॉक्टर एकटेच आले. काका किल्ली कुंडीखाली ठेवायचे, हे त्यांना ठाऊक होते. बाईंचा हात अजून बसला नव्हता, म्हणून पाठीचे अवघड काम आपणच उरकून द्यावे, असा त्यांचा विचार असावा. दोन मुठींचे पाते घेऊन ते भावाची साल आणि वरचा थर सोलू लागले. छान चालले होते. आणि मध्येच त्यांचा उजवा हात थरथरला. पाते खचकन आत गेले. नखाएवढी जागा, पण थर आरपार कापला गेला.

मी वरून पाहत होतो. डॉक्टरांनी आधी दाराकडे पाहिले. मग बराच वेळ आपल्या हाताकडे. मग त्यांनी बारीक भुसा गोंदात कालवला, ती जागा भरली, घासली आणि वर तेल पुसले. हजारो दात भरलेला हात तो. काम इतके सुबक झाले, की क्षणभर मलाच वाटले, आपली नजर चुकली असेल. मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. त्या दिवसापासून मी सुबक कामाला भिऊ लागलो.

पुढे चार महिने बाई रविवारी येऊन भावाच्या अंगावर कानस चालवत राहिल्या. भिंतीवर त्याला अडकवून, दोरी कप्पीवरून घेऊन, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. जिथे ताठ वाटेल तिथे थोडे खरवडायचे, पुन्हा वाकवायचे. काका दोरी ओढायचे, बाई लांब उभ्या राहून डोळे बारीक करून पाहायच्या. अशा नजरेने त्यांनी किती खोटे दावे पकडले असतील, कोण जाणे.

"आता हातानं ओढून बघू का?" त्या विचारायच्या.

"आज नको, हवा दमट आहे," डॉक्टर म्हणायचे. पुढच्या रविवारी म्हणायचे, "आज नको, ऊन फार आहे." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांची कंबर दुखत होती. धनुष्य ओढायला डॉक्टरांची कंबर कशाला लागते? बाईंनी वहीत लिहिले, 'डॉक्टर टाळतात. का?'

मग एकदा डॉक्टर चहाची पावडर आणायला कोपऱ्यावर गेले असताना काका म्हणाले, "द्या इकडे. किती दिवस मुहूर्त बघायचा? मी ओढतो." त्यांनी दोरी चढवली, हळू ओढली, सोडली. पुन्हा ओढली, थोडी जास्त. तिसऱ्या वेळी बंदुकीसारखा आवाज झाला. माझा भाऊ मोडला. त्याचा एक तुकडा उडून काकांच्या भुवईवर बसला.

रक्त डोळ्यात उतरले. बाईंनी ओढणी काढून जखमेवर दाबली आणि काकांना रिक्षात घालून इस्पितळात नेले. पाच टाके पडले. डोळा बोटभर अंतराने वाचला होता.

पुढच्या रविवारी तिघे पुन्हा जमले. काकांच्या कपाळावर पट्टी होती.

"मी नको नको म्हणत होतो," डॉक्टर म्हणाले. "शिकणाऱ्याला घाई नडते."

"तुकडे कुठायत?" बाईंनी विचारले.

"तुकडे? नेले मी घरी. बंबात टाकायला."

"पुरावा जाळायची इतकी घाई?" असे म्हणून बाईंनी आपली पिशवी उघडली आणि एक तुकडा कामाच्या टेबलावर ठेवला. काकांना लागलेला तो हाच. इस्पितळात जाताना तो पिशवीत कधी टाकला, हे कोणालाच कळले नव्हते. त्यांनी भिंग काढले, नखाने हळूच खरवडले. गोंदाचा पापुद्रा निघाला.

"हे नुसतं मोडलेलं नाही. आधी कापलं गेलंय आणि मग भरलंय. गॅरेजची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, नाहीतर कुंडीखाली," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मी केलं असं म्हणायचंय?"

"तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही ते स्वतःच्या तोंडासमोर ओढलं नसतं. म्हणजे तुम्ही नाही."

मग उरले कोण, हे सांगायची गरज नव्हती. काका उठून उभे राहिले. "ताई, तीस वर्षं ओळखतो मी ह्याला. तुम्हाला येऊन चार महिने झालेत. माझ्या घरात उभं राहून माझ्या मित्रावर आळ घ्यायचा नाही. निघा तुम्ही."

बाईंनी वही मिटली, तुकडा टेबलावरच ठेवला आणि त्या दाराकडे निघाल्या. मला वाटले, संपले. खरे बाहेर पडणार नाही, आणि पुढची पाळी माझी. मलाही कुठेतरी कापतील, भरतील, तेल पुसतील.

"ताई, थांबा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटे पानासारखी हलत होती. "वर्षभर हे असं आहे. दवाखाना मी निवृत्तीसाठी बंद केला नाही. दुपारी एकटा येऊन बसलो होतो, पातं निसटलं. मी ते भरलं. टिकेल असं वाटलं." ते थांबले. "नाही, टिकणार नाही हे माहीत होतं मला. सांगायची हिंमत झाली नाही."

काका म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पातं काढून घेतलं असतंस."

"घेतलंच असतं, गाढवा!" काकांनी पट्टीवर हात ठेवला. "हे टाके मी विसरेन रे. चार महिने माझ्यासमोर बसून चहा पीत होतास, ते कसं विसरू?"

त्यांनी दोघांनाही बाहेर काढले आणि गॅरेजला कुलूप घातले. या वेळी किल्ली कुंडीखाली ठेवल्याचा आवाज आला नाही.

तीन रविवार कोणी आले नाही. अंधारात मी एकटाच लटकत होतो. चौथ्या रविवारी कुलूप उघडले. काकांनी मला काढले, खांद्यावर टाकले आणि चालत निघाले. मला वाटले, हा बंबाचा रस्ता. ते डॉक्टरांच्या घरात शिरले आणि त्यांनी मला सरळ जेवणाच्या टेबलावर आडवे ठेवले. बाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. काकांनीच बोलावले होते.

"हात थरथरतो ना?" काका म्हणाले. "जीभ नाही ना थरथरत? मग सांग. ताई खरवडतील, दोरी मी ओढतो. आणि माझा राग गेला असं समजू नकोस."

असा मी घडलो, मित्रांनो. एकाचे डोळे आणि शब्द, एकीचे हात, एकाची ताकद. बाईंनी एक नियम घातला होता. ज्याच्या हातून ओरखडा पडेल त्याने तो तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचा. "डाव्या बाजूला कानस घसरली, माझ्याकडून." "मी टेबलावर आपटलं आत्ता." दिवसभर हेच चालायचे. मला त्यांच्यातल्या कोणाचाच भरवसा नव्हता, त्यांना माझा नव्हता. रोज माझ्या पाठीवरून तीन अंगठे फिरायचे. म्हणूनच मी मोडलो नाही. ज्या दिवशी बाईंनी मला पहिल्यांदा पूर्ण ओढले, त्या दिवशी डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. बाण गवताच्या भाऱ्यात घुसल्याचा आवाज ऐकून मगच त्यांनी ते उघडले.

माझी उमेदीची वर्षे चांगली गेली. धनुष्ये करणाऱ्या हौशी लोकांच्या मेळाव्यात लोक मला हातात घेऊन म्हणायचे, "वाक काय सुरेख बसलाय!" स्तुती ऐकली की मी अधिकच सावध व्हायचो. काकांचा राग कधी गेला ते त्यांनाही सांगता आले नसते. शेवटच्या आजारात डॉक्टरांना ते चमच्याने पाणी पाजायचे, एवढे मला ठाऊक आहे. कारण बाई मला घेऊन त्यांना भेटायला जायच्या, आणि डॉक्टर माझ्या पोटावर कान ठेवायचे.

डॉक्टर गेले. काका मुलीकडे राहायला गेले. गॅरेज बाईंच्या ताब्यात आले आणि त्या शिकवू लागल्या. मग त्यांची आई आजारी पडली. एका सकाळी सराव करताना फोन आला. बाईंनी दोरी तशीच चढवलेली ठेवून मला कपाटावर टाकले आणि त्या धावत गेल्या. ताणलेल्या धनुष्याला विसावा नसतो, मित्रांनो. दिवसामागून दिवस मी वाकून राहिलो. उन्हाने पत्रा तापायचा, माझे पोट, म्हणजे दोरीकडची बाजू, आवळत जायचे. एका दुपारी आत काहीतरी बारीक चुरगळले. केसाएवढी एक आडवी सुरकुती पोटावर उमटली. सतरा दिवसांनी बाई आल्या, त्यांनी घाईघाईने दोरी उतरवली, पण अंग पूर्वीसारखे सरळ झाले नाही.

त्या रविवारी नवे सहा जण शिकायला आले होते. एक पोस्टमन म्हणाले, "बाई, हे ओढून बघू?"

बाईंनी मला हातात घेतले. सवयीने अंगठा फिरवला. अंगठा थांबला. ती सुरकुती त्या अंगठ्याशिवाय कोणालाही कळली नसती. 'जुनं आहे, हात लावू नका' म्हणून त्या मला भिंतीवर टांगू शकल्या असत्या. त्या तसेच करतील, अशी माझी खात्रीच होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे दोष शोधलेले माणूस स्वतःचा कशाला सांगेल?

"हे ओढायचं नाही," बाई म्हणाल्या. "याच्या पोटावर चुरगळून सुरकुती पडलीय. मी सतरा दिवस दोरी चढवून ठेवलं होतं. चूक माझी." आणि त्यांनी तेच एका कागदावर लिहून मला दोऱ्याने बांधले. खाली सही केली, तारीख घातली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर काम झाल्यावर त्याची दोरी उतरवा. त्याच्या अंगावरून रोज हात फिरवा, आणि लाकडावर खुशाल संशय घ्या, त्याचा आम्हाला राग येत नाही. पण काही चुकले तर भरून, घासून, तेल लावून ठेवू नका. सांगून टाका. सांगितलेल्या चिरेने आजवर कोणाचा डोळा फुटलेला नाही.

बाईंनी मला सहा जणांच्या हातातून फिरवले. सुरकुती कुठे आहे ते ज्याने त्याने अंगठ्याने शोधायचे होते. पहिल्या पाच जणांनी मान डोलावली. सगळ्यांनाच सापडली म्हणे. मला त्यातल्या तिघांचा तरी संशय आहे. सहाव्या होत्या खानावळ चालवणाऱ्या एक काकू. त्यांनी दोनदा, तीनदा अंगठा फिरवला आणि मला परत देत म्हणाल्या, "मला नाही बाई लागत काही. बोटं जाड झालीत माझी."

"या पुढच्या रविवारी," बाई त्यांना म्हणाल्या. "तुम्हाला येईल हे."