दोन हातांचा खिसा

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. तपकिरी, चार बटणांचा. मला बघून हल्ली लोक 'याचं पायपुसणं करा' म्हणतात. म्हणोत बापडे! मला शिवताना शिंप्याने तीनदा मापं घेतली होती. मी ढिगातून उचललेला नव्हे.

माझे मालक मास्तर. शाळेत गणित शिकवायचे. रोज संध्याकाळी ते आणि गल्लीतले घड्याळवाले फिरायला निघत, आणि इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. घड्याळवाल्यांच्या कोटाला दोन धडधाकट खिसे होते. तरी त्यांचा हात माझ्याच उजव्या खिशात, मास्तरांच्या हाताला चिकटून! खिसा ताणून ताणून पार सैल झाला. मी मनात म्हणायचो, हा खिसा आहे की धर्मशाळा?

पुढे कळलं. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करणं तेव्हा गुन्हा होता. रस्त्यात हात धरायची सोय नव्हती. पण त्यात कुणाचं काय बिघडत होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

एक दिवस तीस-चाळीस माणसं फलक घेऊन न्यायालयाकडे निघाली. मास्तर सर्वांत पुढे. लोक थुंकले. पोलिसाने माझी डावी बाही टर्रकन फाडली. मास्तरांची नोकरी गेली, सख्ख्या बहिणीने दार लावून घेतलं. बाही घड्याळवाल्यांनीच रफू केली. पुष्कळ वर्षांनी कायदा बदलला. मग मास्तर गेले. तेव्हा मात्र बहीण आली आणि पुस्तकं, चष्मा, सगळं घेऊन गेली. मी दाराआड खुंटीला होतो, म्हणून वाचलो आणि घड्याळवाल्यांकडे राहिलो.

मग सिनेमावाल्या कपडेबाई आल्या. "काका, त्या मोर्चावर सिनेमा करतोय. कोट द्याल?"

"ने, पण जपून ने. आणि परत हाच आण हो. त्यांचं दुसरं काहीच उरलं नाही माझ्याकडे."

बाईंनी माझ्यासारखे आणखी तीन कोट शिवले. एक चिखलात लोळवायला, एक फाडायला, एक जादाचा. बाई हाताची पक्की! रफूचा टाका न् टाका उतरवला. खिशांत वजनं टाकून ते माझ्यासारखे खाली ओघळवलेसुद्धा.

आणि काय सांगू, पुन्हा तोच मोर्चा! तेच फलक, त्याच शिव्या. पोलीस धावून आला, मी गारठलो. तेवढ्यात कुणी 'कट' म्हणून ओरडलं, आणि तोच पोलीस माझी कॉलर झटकत मला घातलेल्या नटाला विचारतो, "लागलं नाही ना रे?" शिव्या देणारी माणसं शेजारी बसून चहा प्यायली. मला काही उमजेना. असा पोलीस तेव्हा कुठे गेला होता?

काम संपलं. फाडलेल्या कोटाची बाहीही बाईंनी तशीच रफू केली. धुलाईवाल्याने चारही कोट एकत्र धुतले, आणि कुठला कोट कोणता ते लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या पाण्यात विरघळल्या. घड्याळवाले आले तेव्हा बाईंचा चेहरा उतरलेला. "काका, चूक झाली. तुमचा कुठला, मलाच ओळखू येईना."

"अगं, चार-चार मास्तर उभे केलेस की!" ते हसले, पण लगेच कोटांकडे वळले. नजर अधू झालेली. त्यांनी बाह्या चाचपल्या. सगळ्या सारख्या. मी इथे आहे, हे ओरडून सांगायला मला तोंड कुठलं?

मग त्यांनी पहिल्या कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. मान हलवली. दुसऱ्याच्या घातला. पुन्हा नाही. तिसरा मी. हात आत आला, सवयीने एका कडेला सरकला आणि थांबला.

"बाई, तुझाही हात घाल बघू इथे."

बाईंनी घातला. दोन्ही हात आरामात मावले. बाकीचे खिसे नुसतेच खाली ओघळलेले होते. दुसऱ्या हाताला त्यांत जागाच नव्हती. बाई गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, जुना कपडा टाकायच्या आधी, निदान आवळून शिवायच्या आधी, तो सैल कशाने झाला ते विचारा. माझे बाकीचे गोंधळ तसेच आहेत. घड्याळवाले आता मला घालून फिरायला निघतात. मी त्यांना लांब होतो. चालताना हात ते खिशाच्या एका कडेलाच ठेवतात. उरलेली जागा कुणाची, एवढं मात्र मला पक्कं कळतं.