केसभर तिरकं

सातवी टेपही ड्राइव्हने आत ओढली, थोडा वेळ गुरगुर केली आणि बाहेर टाकली. पडद्यावर तीच ओळ आली: वाचता येत नाही.

"इसहाकभाऊ, काही निघतंय का?" दारात रिबेका सिस्टर उभ्या होत्या. "डॉक्टर खोळंबलेत. सोनमला आज रक्त द्यायलाच हवं."

"बघतोय, सिस्टर."

"तिच्या आईला मी काय सांगू?"

इसहाकने आठवी टेप हातात घेतली.

खांडबाऱ्यापासून आत, टेकडीवरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो सव्वीस वर्षे रेकॉर्ड क्लार्क होता. तेरा वर्षांच्या सोनमला जन्मापासून सिकलसेल. दोन-तीन महिन्यांनी रक्त चढवावे लागे. कोरोनाच्या साली एकदा चढवलेले रक्त अंगाला मानवले नव्हते. पोर थंडीतापाने थडथडली, लघवी काळी झाली, हातची जाताजाता वाचली. कोणते रक्त तिला चालते आणि कोणते अजिबात नाही, हे तेव्हा सुरतेहून तपासून आणले होते. ते लिहिलेले कागद रेकॉर्डरूम गळली त्या पावसाळ्यात लगदा झाले. राहिली ती संगणकातली नोंद. आणि शनिवारी संगणकाची डिस्कच बसली. सुरतेहून पुन्हा तपासून आणायला आता वेळ नव्हता.

डिस्क बसली म्हणून इसहाक घाबरला नव्हता. दर आठवड्याला तो सगळी माहिती टेपवर उतरवून ठेवी. दर शुक्रवारी सफाईची कॅसेट घालून ड्राइव्हचे हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, साफ करी आणि तसे वहीत लिही. लोक हसत, त्याला त्याचे काही वाटत नसे.

सोमवारी शहाद्याहून धीरज आला. गेली अकरा वर्षे दवाखान्याची यंत्रे तोच सांभाळत होता. त्याने नवी डिस्क बसवली आणि टेपचा ड्राइव्हही बदलला. "जुना आते ऱ्हावू दे, दादा. हाऊ ले, याम्हा दम शे," असे दोघांच्या नेहमीच्या अहिराणीत म्हणून जुना ड्राइव्ह पिशवीत घातला. मग एकही टेप वाचली जाईना. "टेपा गया वाटतस," एवढे बोलून तो संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

आज मंगळवार. आठवी टेपही बाहेर आली तेव्हा इसहाक शांतपणे पहिल्यापासून लागला. वायर काढून पुन्हा बसवली. सफाईची कॅसेट फिरवली. एक कोरी टेप घालून तिच्यावर दोन फायली लिहिल्या आणि परत वाचल्या. दोन्ही नीट. म्हणजे ड्राइव्हमध्ये खोट नव्हती. मग पाच वर्षांच्या सगळ्या टेपा एकदम कशा जातील?

कपाटाच्या तळाशी एक खोके होते. एकोणीस साली धीरजने ड्राइव्ह दुरुस्त करून आणला तेव्हा त्याआधीच्या टेपा वाचेनाशा झाल्या होत्या. 'जुन्या शेतस, घसाई ग्यात, फेकी दे,' असे धीरज म्हणाला होता. इसहाकच्याने त्या फेकवल्या नव्हत्या. त्याने त्यातली अठरा सालची टेप काढली, पुसली आणि ड्राइव्हमध्ये सारली.

ड्राइव्ह एकसारखा घुमू लागला. पडद्यावर फायलींची नावे भराभर वर सरकू लागली.

क्षणभर त्याला आनंद झाला. मग तो खुर्चीत बसला. या टेपा कधी खराब नव्हत्याच. दुरुस्तीनंतर जुना ड्राइव्हच वाकडा लिहीत होता. आपले वाकडे लिहिलेले त्याचे त्यालाच वाचता येत होते, दुसऱ्या कुणाला नाही. आणि तो धीरजच्या पिशवीत होता.

तेवढ्यात व्यवस्थापक करमसिंगसरांचे बोलावणे आले. त्यांनी एक कागद पुढे केला. धीरजने कालच रिपोर्ट पाठवला होता: हेडची नियमित सफाई न झाल्याने टेपा निकामी. जबाबदारी ऑपरेटरची.

"खाली सही कर. समितीपुढे ठेवायचा आहे."

इसहाकने कागद दोनदा वाचला. अकरा वर्षांत धीरज इथे येऊन कधी बाहेर जेवला नव्हता. इसहाकची बायको हन्ना त्याच्यासाठी बांबूच्या कोंबांची भाजी राखून ठेवी. त्याचे वडील लोटनआबा याच दवाखान्यात होते तेव्हा रक्ताची एक पिशवी इसहाकने दिली होती.

"सर, आज मला शहाद्याला जाऊ द्या," तो म्हणाला. "सहीचं आल्यावर बघू."

गाडीने नंदुरबार, तिथून एसटीने शहादा. धीरजचे दुकान स्टँडमागे होते. त्याची बायको कामिनी पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि नवऱ्याचा चेहरा पाहून आत गेली.

"फोन करी लेता ना, दादा," धीरज म्हणाला.

"जुना ड्राइव्ह कोठे शे?"

"तो भंगारम्हा गया."

इसहाकने फळीकडे पाहिले. दोन जुन्या कीबोर्डांखाली ड्राइव्ह होता. दवाखान्याची चिठ्ठी अजून त्याच्यावर चिकटलेली होती. धीरजनेही तिकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"अठरानी टेप वाचाई गयी, धीरज. तू म्हने, फेकी दे."

धीरज स्टुलावर बसला. "हेड केसभर तिरकं बसनं व्हतं. सरळ कराले कंपनीनी खास टेप लागस, ती मन्हाजोडे नव्हती. सोतानं लिखेल सोता वाचे, चाली ऱ्हायनं व्हतं. माले वाटनं, दुसरा ड्राइव्हम्हा कोन टाकी?"

"ते ऱ्हावू दे. सोमवारे तुले कळनं का नही?"

बाहेर एसटीचा कंडक्टर नंदुरबार, नंदुरबार म्हणून ओरडत होता.

"कळनं," धीरज म्हणाला.

"पोरगी वॉर्डम्हा पडेल शे, हाई बी माहीत व्हतं?"

"मन्हं काम बंद व्हई जाई, दादा. तू पक्का नोकर शे. तुले कोन काय करस?"

इसहाकला वाटले होते, तो चुकलो म्हणेल. वाटेत त्याने त्यावर काय बोलायचे तेही ठरवले होते. ते शब्द आता कामाचे नव्हते. त्याने ड्राइव्ह उचलला आणि खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळला.

"थांब, मी गाडी काढस."

"नको."

परत पोचायला पाच वाजले. त्याने जुना ड्राइव्ह जोडला आणि सगळ्यांत अलीकडची, मार्चची टेप घातली. ड्राइव्ह गुरगुरला, थांबला, पुन्हा फिरला. टेप आतच राहिली आणि पडद्यावर नावे सरकू लागली. सोनमच्या नोंदीचा कागद छापून निघाला तेव्हा त्याने तो स्वतः धावत वॉर्डात नेला. रिबेका सिस्टरांनी तिथेच उभ्याने नंदुरबारच्या रक्तपेढीला फोन लावला. दिवेलागणीला पिशवी आली. थेंब पडू लागला तशी सोनमची आई खाटेजवळ खाली बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा तिने चहा घेतला.

करमसिंगसर खुशीत होते. "धीरजचा फोन आला होता. त्यालाच सुचलं म्हणे. बरं झालं त्याने जुना ड्राइव्ह जपून ठेवला आणि तुझ्या हाती पाठवला."

इसहाकने विचारले, "आणि तो सफाईचा कागद?"

"तो फाइलला लागलाय. आता कशाला उकरतोस? सगळं मिळालं ना?"

"फाइल द्या, सर."

तो टेबलाच्या कडेला बसला. रिपोर्टखालच्या मोकळ्या जागेत त्याने सावकाश लिहिले: हेड कोणत्या साली तिरके बसले, जुन्या टेपा का वाचेनात, आज कशा वाचल्या, ड्राइव्ह कुठल्या फळीवर सापडला. सफाईच्या वहीचा उल्लेख केला. खाली पूर्ण नाव आणि तारीख.

"तुम्हाला माझी सही हवी होती," म्हणून त्याने फाइल पुढे सरकवली. सरांनी वाचले. कागद न फाडता फाइल मिटली.

शुक्रवारी सगळ्या टेपा नव्या डिस्कवर उतरवायला धीरज आला. नेहमीसारखा सरळ आत. "वहिनी बरी शे ना, दादा?"

इसहाक उठला आणि खुर्ची पुढे केली.

"या साहेब, बसा. आधी त्या वहीत लिहा. बाहेरून येणाऱ्यांची वही आहे ती."

धीरजने हातातली पिशवी खाली ठेवली. मग वाकून त्याने नाव लिहिले, गाव लिहिले, वेळ लिहिली. पुढचा रकाना होता: कोणाकडे आलात. तिथे पेन थांबले.

"आठे काय लिखू?"

"रेकॉर्ड विभाग लिहा," इसहाक म्हणाला, आणि टेपांचे खोके उघडायला वळला.