उजव्या मांडीचं माप

मी अप्पाजींच्या गळ्यातली टेप बोलतेय. साठ इंच लांब, रंगानं पिवळी. अप्पाजींचं टेलरिंगचं दुकान कोप्पीकर रोडमागच्या बोळात. वीस वर्षं मी लोकांची पोटं मोजली. श्वास ओढून 'बत्तीस' म्हणणारे सगळे मला ठाऊक आहेत. मला खोटं बोलता येत नाही.

लॉकडाऊन लागला आणि आम्ही मशीनसकट उणकलच्या घरी आलो. मास्क शिवता शिवता अप्पाजींच्या उजव्या मांडीला, गुडघ्याच्या वर, लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती. फोनवर डॉक्टर म्हणाले, "चरबीची असेल, आत्ता येऊ नका." थोरले भाऊ विठ्ठलराव म्हणाले, "आपल्या वडलांनाही होती, काय झालं?" बायकोनं, इंदुमतीबाईंनी, हळद लावली. म्हातारी माणसं! उपदेश पोतंभर, गाठ कुणी नीट पाहिली नाही.

अप्पाजींनी मात्र दार लोटून मला लावलं. डावी मांडी सतरा, उजवी साडेअठरा. मग काय केलं? पँटच्या शिवणीतली माया, म्हणजे आत ठेवलेलं जादा कापड, उसवून पाय सैल केला. दोन महिन्यांनी पुन्हा. माया संपली तेव्हा कापडाची पट्टी जोडली. अहो, पँट कसली दुरुस्त करताय? पण मला इतकं हळुवार गुंडाळत, की धड रागावताही येईना.

इस्त्री करताना लेकीला, रेखाला, ती पट्टी दिसली. तिनं मला ओढूनच घेतलं आणि दोन्ही मांड्यांना लावलं.

"अप्पा, चार इंचांचा फरक?"

"एनू इल्ल ग, काही नाही. मशीन मारून भरलाय पाय."

"मोटर बसवून सहा वर्षं झाली! कुणाला बनवताय?"

अप्पाजी बारीक आवाजात म्हणाले, "दवाखान्यात कोरोनावाल्यांत ठेवतात ग. परत कोण येतं?"

"मी आणते परत. उठा."

स्नायूतला कॅन्सर निघाला, क्वचित कुणाला होणारा. गाठ लिंबाएवढी असताना आला असतात तर पाय बहुतेक वाचला असता, असं मोठे डॉक्टर म्हणाले. रेखानं अप्पाजींना परत आणलं. पाय तिथंच राहिला.

आता दुकान उघडलंय. मोटर डाव्या पायानं चालते. स्वतःची पँट अप्पाजी अजून दोन पायांचीच शिवतात.

माझे आकडे पुसलेत, गिऱ्हाइकांसाठी नवी टेप आलीय. तुमच्या घरात कुणी दार लोटून माप घेत असेल, तर दार ढकला. लाज गेली तरी चालेल.

दर महिन्याला रेखा मला खणातून काढते, उरलेली उजवी मांडी मोजायला.

"तेवढीच आहे ग, काय छळतेस!" अप्पाजी करवादतात.

पण दार सताड उघडं असतं, आणि पँट ते आपल्या हातानं वर करतात.